टाकी

डाव्या पायात नवी चप्पल आणि उजव्या पायात जुनी, अशी मी गंजगोलाईतल्या दुकानात बाकड्यावर बसले होते, तेव्हा हणमंतरावांचा फोन आला. दुकानदार उजवी चप्पल शोधायला माळ्यावर चढला होता. शनिवारची संध्याकाळ, सगळं लातूर गोलाईत उतरलेलं, समोर पेरूवाला घसा फोडत होता. मला वाटलं शाळेतलंच काहीतरी असणार, हातपंप बिघडला असेल नाहीतर खिचडीचा तांदूळ संपला असेल. हणमंतराव आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. ते फोनवर इतक्या मोठ्यानं बोलतात की फोन नसता तरी गावाहून ऐकू आलं असतं. "बाई, तुमचे भाऊ नांदेडला इंजिनिअर हायत न्हवं? लगीन ऱ्हायलंय न्हवं त्येंचं?" मी हो म्हणाले. नरसिंगचं लग्न राहिलंय ही काही लपवायची गोष्ट नव्हती. "मंग ऐका. आमच्या थोरल्याची शिवांगी हाय. नर्सिंग झालंय, पोरगी लई गुनाची. मी म्हनलं, परकं स्थळ कामून धुंडायचं, बाई तर आपल्यातल्याच हायत. तवा आधी येवढं सांगा, तुमचं देवक कोनतं?"

देवक. दोन्ही घरांचं देवक एक निघालं तर सोयरीक होत नाही, म्हणून मराठ्यांच्या घरात लग्नाचं बोलणं निघालं की आधी हे विचारून घेतात. कुणाचं कळंबाचं झाड असतं, कुणाचं मोराचं पीस, कुणाचं काही. हे मला पुस्तकातून माहीत होतं, कारण हा प्रश्न आम्हाला कुणी विचारत नाही. हा प्रश्न परक्याला विचारतच नाहीत. त्यामुळे मला कळेना की हणमंतराव कुणाशी बोलतायत. क्षणभर वाटलं फोन चुकून लागलाय, दुसऱ्याच कुणा बाईला लागायचा होता. "वडिलांना विचारते," असं मी म्हणाले असावे, कारण पलीकडून "हाव हाव, इचारा, घाई न्हाई" असं आलं आणि फोन बंद झाला. मी उठले आणि चालायला लागले. रिक्षाच्या रांगेपर्यंत पोचले तेव्हा मागून "ओ मॅडम, ओ मॅडम" ऐकू आलं. दुकानदाराचा माणूस माझी जुनी चप्पल हातात धरून पळत येत होता, आणि रिक्षावाले माझ्या पायांकडे बघून हसत होते. मीही हसले.

आम्ही वडार. दगडाची माणसं. माझी आजी, जिला आम्ही अव्वा म्हणायचो, देगलूरच्या बाजूच्या गावांतून हातोडी आणि टाकी घेऊन फिरायची. टाकी म्हणजे दगडाला टोचे मारायची छिन्नी. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्याच्यावर मिरची नुसती घसरते. मग अव्वासारखी बाई दारात बसून त्याला पुन्हा खडबडीत करून द्यायची, मोबदल्यात ज्वारी नाहीतर भाकर घ्यायची, आणि ती भाकर वरून पदरात पडायची. "टाकीऽऽ लावायची का टाकीऽऽ, पाट्याला जात्याला टाकीऽऽ" ही हाक मी लहानपणी तिच्यामागून ऐकलेली आहे. घरात आम्ही तेलुगूसारखं काहीतरी बोलायचो. पाण्याला नीळ्ळु म्हणायचो. वडील, म्हणजे अप्पा, पाटबंधारे खात्यात कारकून झाले, त्यांची बदली लातूरला झाली, आणि भाड्याच्या घरात पाऊल टाकल्या दिवसापासून घरातलं नीळ्ळु बंद झालं. अप्पांनी काही सांगितलं नव्हतं, मी पाणी मागितलं तर ते ऐकू न आल्यासारखं करायचे, पाणी म्हटलं की लगेच द्यायचे. मुलं हुशार असतात. आठवड्यात शिकलो.

आमचं आडनाव जाधव. आता जाधव म्हणजे काय, मराठवाड्यात दगड भिरकावला तर तो जाधवालाच लागणार. मराठ्यांत जाधव, बौद्धांत जाधव, बंजाऱ्यांत जाधव, आमच्यात जाधव. मी गावात रुजू झाले तेव्हा कुणी आडनाव विचारलं, मी सांगितलं. कुणी गाव विचारलं, मी नांदेड सांगितलं. शहराचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न जरा अडखळतो. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी खोटं कधी बोलले नाही, एकदाही नाही, आणि त्या शनिवारी रिक्षात बसून मी हेच पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते, जसं काही समोर कुणी साहेब बसलाय आणि माझी चौकशी चाललीय.

चाकूर ओलांडून अहमदपूरकडे जाताना एक फाटा लागतो, तिथून आत चालत गेलं की आमची माळेवाडी. गाव अलीकडे, मध्ये ओढा, ओढ्यापलीकडे बौद्ध वस्ती, आणि शाळा बरोबर ओढ्याच्या काठावर, जणू कुणाचीच नाही अशी. मी आले तेव्हा ती खरंच कुणाची नव्हती. सरजाबाईला खिचडी करायचं काम मिळालं, ती पलीकडच्या वस्तीतली, आणि गावातली मुलं घरून डबा आणून भिंतीकडे तोंड करून खायला लागली. मग अहमदपूरच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी गाडी फाट्यापर्यंत यायला लागली, आणि जी ऐपतीची घरं होती त्यांनी पोरं तिच्यात कोंबली. पट घसरला की शाळा शेजारच्या गावात मिसळणार, असं तालुक्याचे साहेब येता-जाता ऐकवायचे. शेजारच्या गावाला जायचं तर लहान पोरांना हमरस्ता ओलांडून जावं लागणार, आणि पलीकडच्या वस्तीतल्या मुली त्या दिवशीच घरी बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी एक पद्धत काढली. शाळा सुटली की चहाला जायचं. एक घर गावातलं, लगेच पुढचं ओढ्यापलीकडचं, मग मोमीनांचं, मग पुन्हा गावातलं. सगळ्यांनी बघावं की बाई कुठून उठून कुठं आली, आणि तरी कप उचलला. वर्षभरात गावातले डबे बंद झाले. दुसऱ्या वर्षी पिवळ्या गाडीतून चार पोरं उतरली ती परत चढलीच नाहीत. हणमंतरावांनी त्यांचा नातू शिवम आमच्याकडे घातला आणि त्याच्या मागं सगळी गल्ली आली. आज एका पंगतीला बसतात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत मला बोलायला लावलं होतं. मी भाषण ठोकलं, विश्वास घोटाघोटानं वाढतो म्हणाले, आणि टाळ्या घेतल्या. मला तेव्हा माझं फार कौतुक वाटलं होतं.

आणि आता "बाई तर आपल्यातल्याच हायत." रात्रभर हे वाक्य माझ्या कानात वाजत राहिलं. हणमंतराव ते किती मायेनं म्हणाले होते, तेच मला सहन होईना. म्हणजे त्यांच्या ओसरीवर मी चहा पीत होते तेव्हा ते कुणाला चहा पाजत होते? लक्ष्मीबाईंनी, त्यांच्या बायकोनं, मला संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावलं, ओटी भरली, ती कुणाची भरली? चार वर्षं माझ्या जागेवर दुसरीच एक बाई बसलेली होती, माझ्यासारखीच साडी नेसलेली, आणि मला तिचा पत्ताच नव्हता. सगळा मान तिचा होता. मी फक्त चहा पीत होते.

सकाळी अप्पा गॅलरीत पेपर वाचत होते. मी त्यांना सांगितलं. स्थळ कुणाकडून आलंय आणि काय विचारलंय, सगळं. मला वाटलं ते हसतील, नाहीतर चिडतील. त्यांनी पेपरची घडी घातली, आणि पान उलटावं इतक्या सहज म्हणाले, "पंचपल्लव सांग."

"काय?"

"पंचपल्लव. पाच झाडांची पानं. लई जणांचं तेच असतं, कुणी पुढं खोदत नाही."

माझ्या बापाला हे तोंडपाठ होतं. विचार करावा लागला नाही, आठवावं लागलं नाही. खिशात रुमाल असावा तसं ते उत्तर त्यांच्यापाशी तयार होतं, किती वर्षांपासून कोण जाणे. "तुम्ही सांगितलंय कुणाला?" मी विचारलं. ते म्हणाले, "नोकरीत लोक विचारतात, बाळ." आणि पेपर पुन्हा उघडला. त्यांचे हात मी पाहिले. अव्वाचे हात काळे, चिरलेले, नखांत दगडाची पूड. अप्पांचे हात मऊ, शाईचा डागसुद्धा नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो त्या पाच पानांचा. पाच झाडं कोणती तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची छाती झाली नाही, कारण त्यांनी पाचही नावं धडाधड सांगितली असती.

सोमवारी अहमदपूर गाडीत खिडकीशी बसले तरी बाहेरचं काही दिसलं नाही. एवढंच ठरलं होतं की आधी सरजाबाईशी बोलायचं. का ते सांगता येणार नाही. कदाचित मला वाटत होतं की तिच्यापाशी मी निदान ती दुसरी बाई नाही. शाळेच्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये ती सुपात तांदूळ पाखडत बसली होती. मी दारातच म्हणाले, "मावशी, हणमंतरावांनी मला देवक विचारलं."

सूप थांबलं. "आता गं बया," सरजाबाई म्हणाली. पण तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. तिनं मान वळवून मागच्या दाराकडे हाक मारली, "लक्ष्मीबाई, या आत. बाईनंच काढला इषय."

मागच्या दारातून लक्ष्मीबाई आत आल्या. हणमंतरावांची बायको, डोक्यावर पदर, सकाळी सकाळी शाळेच्या मोरीपाशी उभी. त्या कधीपासून तिथं होत्या कोण जाणे. "काकू, तुम्ही?" मी म्हणाले.

"ह्येंच्या डोक्यात सोयरीक शिरंल असं सपनात बी वाटलं न्हवतं वो बाई," त्या म्हणाल्या आणि पोत्यावर बसल्या. "म्या आपलं बायांना सांगितलं व्हतं. ह्येंला कोन सांगितलं? पर गडी मानूस, कानावर पडलं की धरून बसतंय."

"काय सांगितलं होतं?"

"हेच की, बाई आपल्यातल्या हायत. जाधव हायत म्हनलं, पाठवा पोरं बिनघोर. तवा कुठं डबे बंद झाले."

मी सरजाबाईकडे वळले. ती तांदळातला खडा निरखत होती. "आन म्या पल्याड सांगितलं, आमच्यातल्या हायत," ती म्हणाली. "आमच्यात बी जाधव हायत की. आमच्या लोकायला वाटायचं, पोरीला वर्गात मागं बसवतेल. म्या म्हनलं, आपलीच बाई हाय, कामून बसवील?"

दोघी एकमेकींकडे बघेनात. "पण तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं?" मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच वर्गातल्या मुलासारखा वाटला.

"पयल्यांदा वाटलं व्हतं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "मंग एक दिस हातपंपावर ह्या म्हनल्या बाई आमच्यातल्या, मी म्हनलं आमच्यातल्या. अशी जुंपली म्हनता! जुंपल्यावर कळलं, दोघींलाबी ठाव न्हाई." आणि त्या हसल्या, तोंडावर पदर धरून, आणि सरजाबाईही हसली. मी पाहिलं की या दोघी एकमेकींसोबत हसायला सरावलेल्या आहेत. हे मला माहीत नव्हतं. गावातल्या कुणालाच माहीत नसणार. "मंग म्हनलं मरू दे. पोरं येऊन राहिली हायत. शिवम येतुया, ह्यांची बुद्धप्रिया येती. कशाला मोडायचं?"

"मला विचारायचं तरी," मी म्हणाले.

"इचारलं असतं तर कळलं असतं," सरजाबाई म्हणाली. "कळल्यावर लपवावं लागलं असतं. ठावंच न्हाई ते लपवाया काय लागतंय, बाई?"

माझ्या चार वर्षांच्या चहाचा एकेक घोट घशाशी आला. मी केलं असं मला वाटत होतं. गल्लीगल्लीतून फिरून, साखर जास्त, साखर कमी, फुटका कप, स्टीलचा पेला, मी विश्वास घोटाघोटानं वाढवत होते, आणि इकडे या दोघींनी शेडमध्ये बसून दोन वाक्यांत काम करून टाकलं होतं. आणि तेही खोट्या वाक्यांत. शाळा उभी होती ती माझ्यावर नाही, माझ्या नसण्यावर. या दोघींना मिठी मारावी की दोघींना शेडबाहेर घालवावं हेही कळेना, कारण त्या नसत्या तर बुद्धप्रिया आज कुणाची तरी शेळी राखत असती. "आता काय करायचं?" मी विचारलं.

"सोपं हाय," लक्ष्मीबाई पुढं सरकून म्हणाल्या. "आमचं पंचपल्लव हाय. तुमी बी पंचपल्लव म्हना. देवक येक आलं की सोयरीक आपसूक मोडती. ह्येंचंबी समाधान, गावालाबी काय कळायचं न्हाई. येक शबूद तर हाय बाई." मी त्यांच्याकडे बघितलं. माझ्या बापानं दिलेला शब्द, त्यांनी दिलेला शब्द, एकच. कुलपाला किल्ली बसावी तसा बसत होता. आता मी तो घेतला नसता तर मीच मूर्ख. मी मान डोलावली. तिसरीला भागाकार शिकवला, पहिलीला बाराखडी, आणि सगळा वेळ जिभेवर पंचपल्लव धरून ठेवला.

हणमंतराव दुपारी पंगतीच्या वेळेला आले. मुलं ओळीनं बसली होती, सरजाबाई वाढत होती, लक्ष्मीबाई पाण्याचा जग घेऊन उगाच मध्ये मध्ये करत होत्या. हणमंतराव खुशीत होते. धोतर झटकून पायरीवर टेकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काय बाई, इचारलं का वडलांस्नी? देवकाचं?"

कुंपणापाशी दोन-तीन बाया उभ्या होत्या, गावातल्याही, पलीकडच्याही. मी ओठ मिटले. पं म्हणायला ओठ मिटावे लागतात. ते मिटले, आणि मला अप्पांचे मऊ हात दिसले. आणि त्याच वेळी, कुठून ते मला आजही सांगता येत नाही, उन्हातून येणारी अव्वाची हाक ऐकू आली, तिच्यातला तो लांबवलेला शेवट. ओठ उघडले.

"टाकी," मी म्हणाले.

हणमंतरावांनी मान वर केली आणि शाळेच्या छपरावरच्या पाण्याच्या काळ्या टाकीकडे पाहिलं. त्यांच्यामागं कुंपणावरच्या बायांनी पाहिलं, मुलांनी पाहिलं, सगळी पंगत वर बघायला लागली. "काय झालं टाकीला? गळाय लागली का?" ते म्हणाले. आणि लक्ष्मीबाई लगेच, श्वास न घेता, "हाव ना, गळून राहिली कवाची, बाई सांगूनच ऱ्हायल्यात, बसवा की नवी!" सरजाबाईही म्हणाली, "हाव, गळती, गळती." दोघींचे डोळे माझ्यावर होते. दार उघडं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं. उद्या नवी टाकी आली असती, आणि नरसिंगचं लग्न कुठं तरी झालं असतं.

"ती नव्हं," मी म्हणाले. "पाट्याला लावत्यात ती. माझी आजी लावायची. आम्ही वडार हाव."

हे मी गावच्या बोलीत म्हणाले हे मला नंतर कळलं. हणमंतरावांचा तो मोठा आवाज कुठं गेला कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, मग उठले, पंगतीतून शिवमचा हात धरला. शिवमच्या हाताला भात होता, तो तसाच ओढला गेला. लक्ष्मीबाई जग खाली ठेवून मागं गेल्या. कुंपणावरच्या बाया कधी हलल्या ते दिसलंच नाही. पंगतीत गावातली आरती होती, दुसरीतली. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, मी बी उठू का?"

मी म्हणाले, "जेव." ती जेवली. मी तिथंच उभी राहिले. सरजाबाईनं मला ताट दिलं, ते मी हातात धरून होते, खिचडी गार झाली. "कामून बोलला वो बाई," ती एवढंच म्हणाली, पण रागावून नाही, कुणाच्या घरी मयत झाल्यावर विचारतात तसं. मी खरेपणासाठी बोलले असं म्हणायला मला लाज वाटते, कारण त्या मुलीनं "मी बी उठू का" विचारलं तेव्हा माझा खरेपणा मला चुलीत घालावासा वाटला होता. एका शब्दानं जे जुळलं होतं ते मी एका शब्दानं मोडलं होतं, आणि तो शब्द माझा स्वतःचा होता, एवढाच काय तो फरक.

मंगळवारी फाट्यावर उतरले तर पिवळी गाडी उभी होती. ती रोजच उभी असते, पण त्या दिवशी ती मोठी दिसली. मी आत पाहिलं नाही. ओढ्यापर्यंत खाली मान घालून चालले. परिपाठाला ओळी उभ्या केल्या. पलीकडची मुलं होती, मोमीनांची होती, पण त्यांच्याही तोंडावर काहीतरी ऐकून आल्याची कळा होती, आणि बुद्धप्रिया माझ्याकडे असं बघत होती की जणू मी नवीन आलेली बाई. ओळींत गावातल्या मुलांच्या जागा रिकाम्या. प्रार्थना म्हणताना आवाज पातळ येत होता. मी ठरवत होते की साहेबांना काय सांगायचं. सांगण्यासारखं काय होतं? देवक विचारलं म्हणून शाळा मोडली?

प्रार्थना संपायच्या आत फटफटीचा आवाज आला. हणमंतराव पुढं, मागं शिवम, आणि दोघांच्या मध्ये पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड, शिवमनं ते दोन्ही हातांनी कवटाळलेलं. गाडीच्या मागं, चालत, आरती आणि गावातली पोरं, पाच-सहा, मग आणखी. कुणी काही न बोलता ओळीत घुसली. शिवम उतरला, घुसला. आली. सगळी आली. मला मोठ्यानं हसावंसं वाटलं.

हणमंतरावांनी गाडी चालूच ठेवली. पोतं खाली उतरवलं, वर्गाच्या दारात ठेवलं आणि वरची सुतळीची गाठ सोडली. पाटा होता. जुना, काळा, मधोमध वापरून वापरून आरशासारखा झालेला. "आयचा हाय," ते म्हणाले. "मिक्सर आल्यापून पडून व्हता. आता टाकी लावनारं मानूस कुठं मिळतंय." मग माझ्याकडे न बघता, पाट्याकडे बघत म्हणाले, "तुज्या बापाला दाव. म्हनावं घाई न्हाई."

तुज्या. दाव. काल दुपारपर्यंत मी तुम्ही होते. रात्रीतून ते गेलं. पोरं परत आली होती, एकही मागं न राहता, आणि त्यांच्या बदल्यात एक 'तुम्ही' गेला होता, आणि हा सौदा माणसानं किती भल्या मनानं केला होता! शिवमला घेऊन आले, आईचा पाटा घेऊन आले, जे माझं ते माझ्या हातात द्यायला आले. अपमान करायला आलेला माणूस असा येत नाही, आणि मान द्यायला आलेला माणूस असं बोलत नाही. माझ्या जागी अव्वा असती तर तिनं काय केलं असतं? बसली असती. पदर खोचला असता. आणि भाकरीसाठी पदर पसरला असता.

"मला टाकी लावता येत नाही, हणमंतराव," मी म्हणाले. "माझ्या वडिलांनाही येत नाही. आजीला येत होती, ती गेली. मला शिकवता येतं. तेवढंच येतं."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळीतली पोरं चुळबुळ करायला लागली. हणमंतरावांनी फटफटी वळवली, मान अर्धी माझ्याकडे केली आणि काहीतरी म्हणाले, आणि त्याच वेळी त्यांनी गाडीची मूठ मुरगळली. "मंग शिकव" एवढं मला ऐकू आलं. पुढं एक काना होता की नव्हता, शिकव म्हणाले की शिकवा म्हणाले, ते गाडीच्या आवाजानं खाल्लं. धुरळा उडाला आणि ते ओढ्याच्या उतारावर दिसेनासे झाले.

मी वळले. सरजाबाई शेडच्या दारात उलथनं घेऊन उभी होती, गाडीपासून माझ्याहूनही लांब. "मावशी," मी विचारलं, आणि मला माझीच लाज वाटली, की एवढ्याशा गोष्टीसाठी माझा जीव असा टांगलाय, "काय म्हणाले ते? शिकव म्हणाले की शिकवा?"

सरजाबाईनं उताराकडे पाहिलं, मग पाट्याकडे, मग माझ्याकडे. तिची पापणी लवली नाही.

"शिकवा म्हनले की," ती म्हणाली. "म्या सोता ऐकलं."

चार वर्षांपूर्वी तिनं पलीकडच्या वस्तीत सांगितलं असेल, बाई आमच्यातल्या हायत, ते याच आवाजात. दारात पाटा होता. पोरं त्याला पाय लागू नये म्हणून बाजूनं आत जात होती. मीही बाजूनं आत गेले.